गोव्यात पर्यटक घटले म्हणतात, मग नाताळात विमानाचं तिकीट एवढं महाग का? अजून तीन महिने आहेत, थांबलो तर उतरेल का?

उतरणार नाही. 23 डिसेंबरचं मुंबई-गोवा तिकीट काढायचंच असेल तर आत्ता काढा.

तुम्ही डोंबिवलीहून फोंड्याला घरी चाललाय, चौघं जण, 23 डिसेंबरला जाणं आणि 2 जानेवारीला परत येणं. आणि तुमची तक्रार अशी की किनाऱ्यावर झोपडीवजा हॉटेलं चालवणारे शॅकवाले गिऱ्हाईक नाही म्हणून रडतायत, हॉटेलं पडेल त्या दरात खोल्या देतायत, मग विमानवाल्यांनाच एवढा तोरा कसला? म्हापशाला माझं तिकिटांचं दुकान आहे, आणि हा सवाल काउंटरवर सीझनभर चालू असतो. तुमचा राग बरोबर आहे, हिशोब मात्र चुकीच्या जागी लागतोय.

आधी मंदी कुणाची ते बघा. 2019 मध्ये गोव्यात साधारण 9 लाख 37 हजार विदेशी पर्यटक आले होते. 2024 मध्ये ते 4 लाख 67 हजारांच्या आसपास, म्हणजे निम्म्यावर. सप्टेंबर 2019 मध्ये ब्रिटनची थॉमस कुक ही सहल कंपनी बुडाली, मग कोविड, मग युक्रेनचं युद्ध. चार्टर विमानांनी येऊन दोन-दोन आठवडे राहणारा गोरा पाहुणा आटला तो असा. शॅकवाला रडतो तो त्याच्यासाठी. देशी पर्यटक मात्र त्याच काळात 71 लाखांवरून 99 लाखांवर गेले. आणि देशी पर्यटक कधी येतो? शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की, आणि नाताळ ते नवीन वर्ष. म्हणजे मंदी आहे ती फेब्रुवारीतल्या मंगळवारी. 23 डिसेंबरला मंदी कधी नव्हतीच. शिवाय पाहुणा कळंगुटला उतरतो, मालवणला जातो की मित्राच्या व्हिलात झोपतो, याच्याशी विमानाला देणंघेणं नाही. हॉटेल रिकामं राहिलं तरी विमान भरलेलं असू शकतं.

दुसरी गोष्ट, हॉटेलला चाकं नाहीत. कळंगुटची खोली कळंगुटलाच राहणार, ती रिकामी राहिली की मालक दर पाडतो. विमान उचलून दुसरीकडे नेता येतं. 2025 च्या महाकुंभात प्रयागराजची भाडी कुठल्या कुठे गेली होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना तिकडे फेऱ्या वाढवायला सांगितलं आणि त्यांनी वाढवल्या. ही जास्तीची विमानं काही नवी बनवून आणलेली नव्हती, कुठल्यातरी दुसऱ्या मार्गावरचीच वळवलेली. गोव्याला मागणी पडली की कंपनी आधी भाडं उतरवत नाही, फेरी काढून घेते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक सुरू होतं, त्याच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं. म्हणजे मंदीच्या वर्षी तुमच्यासाठी माणसं कमी असतात तशी खुर्च्याही कमी असतात. भाडं ठरतं ते या दोहोंच्या फरकावर, आणि नाताळच्या आठवड्यात तो फरक मंदीतही तुमच्या विरुद्धच जातो.

आता एका बाजूचा प्रवास. हा मुद्दा कुणी लक्षात घेत नाही, आणि माझ्या मते खरं उत्तर इथे आहे. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण गणित असंच चालतं. 180 खुर्च्यांचं विमान, मुंबईहून गोव्याला येऊन परत जायचा खर्च 12 लाख धरू. एरवीच्या दिवशी येताना 150 आणि जाताना 150 माणसं असली तर प्रत्येकी 4,000 रुपयांत खर्च निघाला. 23 डिसेंबरला येताना 180 च्या 180 भरलेले. जाताना? नाताळच्या तोंडावर गोवा सोडून कोण जातो? 60 माणसं मिळाली, तीही 2,500 ला, तर दीड लाख झाले. उरलेले साडेदहा लाख येणाऱ्या 180 जणांवर वाटा, माणशी 5,800 च्या वर जातात. नफ्याचा एक पैसा न धरता! त्यावर नफा येतो, आणि मंदीच्या वर्षात फेब्रुवारीतल्या मंगळवारचा तोटाही याच दिवसांतून भरून काढायचा असतो, म्हणून नफा जरा सढळ हाताने येतो. 1-2 जानेवारीला हेच चित्र उलटं होतं. तुम्ही नेमके दोन्ही वेळा गर्दीच्या दिशेने चाललाय.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही गोंयकार याच चरकातून जातो. भर पावसाळ्यात, पर्यटनाचा सीझन शून्य असताना, चवथीच्या आदल्या दोन दिवसांचं मुंबई-गोवा बघा. पर्यटक असो नसो, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दिशेने जाण्यावाचून ज्याला गत्यंतर नाही त्याच्याकडून कंपनी घेते.

हे आपल्याकडचंच नाही. 2009 मध्ये अमेरिकेत मंदी पार तळाला होती, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, विमानं रिकामी म्हणून कंपन्या फेऱ्या कमी करत होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांनी थँक्सगिव्हिंग या तिथल्या नोव्हेंबरातल्या सणानंतरचा रविवार आणि 2 व 3 जानेवारी या दिवसांवर एका बाजूला 10 डॉलर जादा अधिभार लावला, आणि पुढे त्यात आणखी दिवस घातले. वर्षभर सेल आणि सणाला अधिभार, दोन्ही एकाच वेळी.

कोविडची आठवण काढून काही जण मला सांगतात की तेव्हा सरकारने भाडं बांधून दिलं होतं, तसं आताही करावं. अर्धीच आठवण आहे ती. मे 2020 मध्ये जी मर्यादा आली तिला वरची कड होती तशी खालचीही होती. दिल्ली-मुंबईला सुरुवातीला 3,500 ते 10,000. म्हणजे विमानं रिकामी असूनही 3,500 च्या खाली विकायला बंदी! मोठ्या कंपनीने भाव पाडून लहानांना मारू नये म्हणून. ती व्यवस्था 31 ऑगस्ट 2022 ला उठली. एरवी 1994 पासून भाडं ठरवायची मुभा कंपन्यांना आहे. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोच्या फेऱ्या धडाधड रद्द झाल्या तेव्हा सरकारने पुन्हा तात्पुरती मर्यादा घातली, 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, आणि मुंबई-गोवा त्याच टप्प्यात बसतं. पण ती आणीबाणी होती. दर नाताळात असं होईल या आशेवर राहू नका.

माझा स्वतःचा राग आहे तो दुसऱ्या गोष्टीवर. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली, मे 2023 मध्ये गो फर्स्ट, नोव्हेंबर 2024 मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. आज देशातल्या दर दहांतले सहाहून अधिक प्रवासी एकाच कंपनीतून, इंडिगोतून, उडतात. मार्गावर चार जण भांडत होते तेव्हा सणालाही एखादा हटवादी निघायचा, जो शेवटपर्यंत दर खाली धरून ठेवायचा आणि बाकीच्यांची पंचाईत करायचा. आता तसं कुणी करत नाही. मोपाचा नवा विमानतळ 5 जानेवारी 2023 ला सुरू झाला तेव्हा लोकांना वाटलं, दोन विमानतळ झाले, आता स्वस्ताई. विमानतळ वाढले, विकणारे कमी झाले.

बरं, भाडं चढतं ते कसं, तेही बघा. एका विमानातल्या सगळ्या खुर्च्या एकाच भावाच्या नसतात. माझ्या स्क्रीनवर प्रत्येक फेरीपुढे इंग्रजी अक्षरांची एक ओळ येते आणि प्रत्येक अक्षरापुढे आकडा: वाय 9, एम 9, के 4, एल 0. अक्षर म्हणजे भावाचा एक कप्पा, आकडा म्हणजे त्यातल्या उरलेल्या खुर्च्या, आणि 9 म्हणजे नऊ किंवा जास्त. स्वस्त कप्पा शून्य झाला की पुढचा. मंगळवारच्या रिकाम्या फेरीत खालचे सगळे कप्पे उघडे दिसतात. 23 डिसेंबरला खालचे कप्पे मुळात उघडतच नाहीत, किंवा दोन-चार खुर्च्यांपुरते उघडून मिटतात. सेलच्या जाहिरातीतलं भाडं याच खालच्या कप्प्यांतलं असतं, आणि अटी उघडून वाचल्यात तर नाताळचे दिवस बहुधा वगळलेले सापडतील.

यातून तुमच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. चौघांसाठी एकदम शोधलंत आणि स्वस्त कप्प्यात दोनच खुर्च्या उरल्या असतील, तर चौघांनाही वरच्या कप्प्याचा भाव लागतो. म्हणून एकदा एकट्यासाठी शोधून बघा. भाव कमी दिसला तर दोन तिकिटं त्या भावात, दोन वरच्या भावात काढा. फक्त दोन्ही बुकिंगांत एकेक मोठं माणूस आणि एकेक मूल असू द्या, कारण वेळ बदलली किंवा फेरी रद्द झाली तर कंपनीच्या दृष्टीने तुम्ही दोन वेगळी कुटुंबं असता. लोक म्हणतात ना, दोनदा शोधलं की भाव वाढतो, ब्राउझर बदला? बहुतेक वेळा घडलेलं असतं ते हेच, मधल्या वेळात कुणीतरी कप्पा रिकामा केलेला असतो.

आणि शेवटच्या क्षणी भाव पडतो हा भ्रम सोडा. म्हापशाच्या बाजारात संध्याकाळी बांगडे स्वस्त होतात, कारण उशिरा येणारा नसले तर नसले म्हणून पुढे जाऊ शकतो. विमानाचं उशिरा येणारं गिऱ्हाईक म्हणजे कुणाची आई आजारी, कुणाची मीटिंग, कुणाची रजा कालच मंजूर झालेली. त्याला जायचंच असतं, आणि कंपनीला ते माहीत असतं.

तर तुम्ही काय करावं. विमान गर्दीच्या दिशेने पकडायचं नाही, एवढं सांभाळा. जाताना रेल्वे बघा. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 60 दिवसांवर आलंय, म्हणजे 23 डिसेंबरचं 24 ऑक्टोबरला सकाळी 8 वाजता उघडेल. कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, वंदे भारत, कुठलीही चालेल, मडगावहून फोंडा काही लांब नाही. आठला म्हणजे आठलाच बसा, सव्वाआठला प्रतीक्षा यादी लागलेली असेल. गाडी नाही मिळाली तर 23 ऐवजी 17-18 तारखेच्या फेऱ्या बघा, मुलांच्या शाळेने परवानगी दिली तर.

विमानच घ्यायचं तर दाबोळी आणि मोपा दोन्ही शोधा. जीओआय टाकलं की दाबोळी, जीओएक्स टाकलं की मोपा, आणि काही ठिकाणी एक टाकलं की दुसरा दिसत नाही. फोंड्याला दाबोळी जवळ. मोपाला माणशी पाचशे वाचले आणि पेडण्याहून फोंड्यापर्यंत टॅक्सी केलीत, तर वाचलेलं त्यातच जातं. मोपाचा फायदा पेडणे, बार्देस, डिचोलीवाल्यांना आणि पलीकडे सावंतवाडी-दोडामार्गाला. घरचं कुणी गाडी घेऊन येणार असेल तर गोष्ट वेगळी.

परतीला मात्र विमान घ्या, पण 2 जानेवारीला नको. 31 डिसेंबरला सकाळी निघा. त्या दिवशी सगळं जग गोव्यात घुसत असतं आणि गोव्याहून मुंबईला जाणारी विमानं बरीच रिकामी असतात, खालचे कप्पे उघडे. नवीन वर्ष घरच्यांसोबतच करायचं असेल तर सरळ 7-8 जानेवारीपर्यंत राहा. आणि दोन्ही जमत नसेल, 2 तारखेलाच ऑफिस गाठायचं असेल, तर परतीचं तिकीटही आजच काढून टाका, उद्या ते वरच्या कप्प्यात गेलेलं असेल.