वाचकांचे प्रश्न : संशोधनाचा दर्जा आणि आकडे

प्रश्न : विभागांच्या संशोधनाचा दर्जा ठरवताना प्रत्येक प्राध्यापकाचा एच-इंडेक्स आणि त्याच्या निबंधांच्या जर्नलांचे इम्पॅक्ट फॅक्टर यांची बेरीज करायचे आमच्या विद्यापीठात घाटते आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही, अशी बेरीज करूच नये. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, निबंधाचा नव्हे. आधीच्या दोन वर्षांतल्या मजकुराला यंदा मिळालेली उद्धरणे (म्हणजे इतर निबंधांनी दिलेले हवाले) भागिले त्या दोन वर्षांतले संशोधन व समीक्षण लेख, असा त्याचा हिशेब. एखादा गाजलेला लेख ही सरासरी कुठल्या कुठे नेतो. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ साली २.०५१ होता, २००९ साली ४९.९२६ झाला. स्फटिकांची रचना शोधणाऱ्या शेलएक्स या सॉफ्टवेअरवरचा एकच लेख त्याला कारणीभूत होता. ते वापरणारे त्याचा हवाला देत होते. बाकीच्या लेखांच्या दर्जात काडीचाही फरक पडला नव्हता.

एच-इंडेक्स २० म्हणजे किमान २० उद्धरणे मिळालेले २० निबंध. हा आकडा कधी घटत नाही, त्यामुळे ज्येष्ठांना आपोआप झुकते माप मिळते. शिवाय एकाच व्यक्तीचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलर आणि स्कोपस या उद्धरणे मोजणाऱ्या सेवांवर वेगळा दिसतो.

उद्धरणे वापरायचीच तर त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या लेखांच्या सरासरीने भागावीत. समजा, गणितातल्या निबंधाला ८ उद्धरणे आहेत आणि सरासरी ४ आहे : गुणोत्तर २. जीवरसायनातल्या निबंधाला २० आहेत, पण सरासरी २५ : गुणोत्तर ०.८. नुसते आकडे पाहिले असते तर निकाल उलटा लागला असता. विभाग लहान असेल तर या गुणोत्तरांच्या सरासरीऐवजी उद्धरणांनुसार विषयातल्या वरच्या १० टक्क्यांत किती निबंध आले ते पाहावे. दोन-तीन वर्षांच्या आतल्या निबंधांना हे गणित लावू नये. उद्धरणे साचायला तेवढा वेळ लागतोच.

निबंधांची यादी संबंधित प्राध्यापकांकडून तपासून घ्या. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचेच निबंध एखाद्याच्या नावावर जमा होतात, आणि ही चूक फार आढळते. मग प्रत्येकाने निवडलेले तीन-चार निबंध विषयतज्ज्ञांना प्रत्यक्ष वाचायला द्या. वेळखाऊ आहे, पण याला पर्याय नाही.

प्रश्न : मानव्यविद्यांनाही हेच लावावे का?

उत्तर : नको. तिथले बरेच काम पुस्तकांतून येते आणि उद्धरणांच्या डेटाबेसांत पुस्तके अपुरी असतात. ब्रिटनच्या २०२१च्या राष्ट्रीय संशोधन-मूल्यांकनात कला व मानव्यविद्यांच्या समित्यांनी उद्धरणांची आकडेवारी वापरली नाही.