राउटरची भीती आणि खिशातलं चुंबक

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून अधिक जणांना वाय-फायचा राउटर छळतोय. खरी काळजी करण्याजोगं पत्र एकच, शेवटी घेतलंय.

प्रश्न : राउटर पलंगापासून तीन मीटरवर आहे. रात्री बंद करावा का?
उत्तर : वीज वाचवायची असेल तर करा, तब्येतीसाठी गरज नाही.

प्रश्न : राउटरमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी ‘कर्करोगकारक’ ठरल्यात असा मेसेज आला. राउटरजवळ कोरफडीची कुंडी ठेवलीय, फोनला ‘रेडिएशनरोधक’ स्टिकर लावलाय. पुरे ना?
उत्तर : मेसेज अर्धवट आहे. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरी ‘२बी’ गटात टाकल्या, म्हणजे मर्यादित पुराव्यावरून ‘कदाचित’. रोख होता तो कानाला लावलेल्या फोनवर. गंमत म्हणजे कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे! कुंडी असू द्या, शोभेला. स्टिकर मात्र शुद्ध लुबाडणूक. त्याने लहरी अडत नसतील तर पैसे वाया, अडत असतील तर फोन टॉवर गाठायला उलट जास्त जोर लावतो.

प्रश्न : मायक्रोवेव्ह लावला की वाय-फाय अडखळतं. ओव्हन गळतोय?
उत्तर : थोडा गळतोच, नवाकोराही. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो, राउटरचा एक पट्टा तिथलाच. ओव्हनच्या आत शेकडो वॅट, राउटरची ताकद साधारण दशांश वॅट. त्यामुळे सुरक्षित मर्यादेतली गळतीही राउटरच्या कामात लुडबुड करते. राउटर ५ गिगाहर्ट्‌झवर न्या. दार वाकलं असेल किंवा नीट बसत नसेल, तर मात्र ओव्हन बंद ठेवून तंत्रज्ञाला दाखवा. आत फोन ठेवून रिंग वाजते का, ही ‘चाचणी’ कृपया नको. तिने काहीही कळत नाही.

प्रश्न : वडिलांना पेसमेकर आहे. वायरलेस इअरफोनची डबी ते शर्टाच्या डाव्या खिशात, पेसमेकरच्या बाजूलाच, ठेवतात. दोन आठवडे अधूनमधून चक्कर येतेय. वाय-फाय बंद करून पाहिलं, फरक नाही. आता काय बंद करू?
उत्तर : घरच्या घरी प्रयोग करणं बंद करा. आजच त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. शुद्ध हरपली तर थेट तातडीच्या विभागात. पहिल्या चक्करेलाच जायला हवं होतं.

आता ती डबी. झाकण ‘टक्’ करून मिटतं ना? ते चुंबकामुळे. पेसमेकरमध्ये चुंबक ओळखण्याची सोय मुद्दाम केलेली असते. डॉक्टर तपासणीत छातीवर चुंबक धरतात, तेव्हा बहुतेक यंत्रं हृदयाकडे लक्ष न देता ठरावीक वेगाने ठोके देऊ लागतात. त्याला सुमारे १० गॉसचं (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्र पुरतं. झटका देणारं यंत्र, म्हणजे आयसीडी, असेल तर प्रकरण आणखी गंभीर : चुंबक जवळ असेतो बहुतेक आयसीडी झटका रोखून धरतात. चुंबक दूर गेलं की सहसा सगळं पूर्ववत होतं, म्हणून कुणाला पत्ताही लागत नाही. काही फोनच्या पाठीतही चुंबकाचं कडं असतं. फोन, स्मार्ट घड्याळ, डबी, सगळं यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर लांब हवं. लोक लहरींना घाबरून राउटर झाकतात आणि चुंबक छातीशी बाळगतात!

चक्कर डबीमुळेच येते असं मी म्हणत नाही. बॅटरी, वायर, औषधं, काहीही असेल. यंत्राने नोंदी ठेवलेल्या असतात, त्या डॉक्टरांना वाचू द्या. जाताना डबी आणि फोन सोबत न्या, पण तुमच्या खिशात.