पुन्हा वाचताना मरिलाकडे बघ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

लूसी मॉड माँटगोमेरीची ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ ही कादंबरी पुन्हा वाचायला घेतलीस, पण ‘आता मजा येत नाही, ॲन फारच बोलते’ असं तू लिहिलंस. अगं, बोलतेच ती! पानंच्या पानं बोलते. दुसऱ्या खेपेला माझेही कान किटले होते. तरी पुस्तक मिटू नकोस. या वेळी तिचं बोलणं ऐकणाऱ्यांकडे बघ.

मरिला घे. तिला आणि तिचा भाऊ मॅथ्यू याला शेतावर मदतीला अनाथाश्रमातला मुलगा हवा होता आणि दारात आली 11 वर्षांची तांबड्या केसांची ॲन. लहानपणी मरिला नुसती कडक वाटते. पण पहिल्याच प्रकरणात लेखिकेनं तिच्या ओठांपाशी विनोदबुद्धीची एक पुसटशी खूण ठेवली आहे. ती कधी कधी दिसते, ते शोध. पुढे ॲन तिच्यापेक्षा उंच होते, चिवचिव कमी होते. त्या रात्री ॲन बाहेर गेलेली असताना मरिला हिवाळी अंधारात एकटीच रडत बसते आणि मॅथ्यू कंदील घेऊन आत येतो. चार ओळींचा प्रसंग. मी तो पूर्वी चक्क ओलांडून गेलो होतो.

दुसरं, केटी मॉरिस. ॲनची काचेतली मैत्रीण. मरिलाकडे येण्याआधी ॲन ज्या घरी राहायची, तिथल्या कपाटाच्या काचेच्या दारात दिसणाऱ्या स्वतःच्याच प्रतिबिंबाला तिनं दिलेलं नाव. ‘काय गोड कल्पना’ म्हणून आपण पुढे जातो. पण त्या कपाटाचं एकच दार धड होतं. दुसऱ्याची काच त्या घरातल्या माणसानं दारूच्या नशेत फोडलेली. ॲन हे बोलता बोलता सांगून टाकते, तक्रारीचा सूरही नाही. पुढच्या घरी जुळ्यांच्या तीन जोड्या सांभाळायच्या, तिथे मैत्रीण कोण, तर प्रतिध्वनी. तिच्या कल्पनाशक्तीला लाडिक म्हणण्याआधी हा भाग सावकाश वाच.

लूसी मॉड माँटगोमेरीचं चरित्र मात्र आत्ता उघडू नकोस. दोन वर्षांची व्हायच्या आत तिची आई गेली, कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवर आजी-आजोबांनी तिला वाढवलं, कादंबरी 1908 साली आली. सध्या एवढं पुरे. नाहीतर प्रत्येक पानावर ॲनऐवजी लेखिकाच दिसायला लागेल. आणि सूर्यास्ताची वर्णनं कंटाळवाणी वाटली तर खुशाल गाळ. रंग जरा जास्तच सांडलेत तिथे.

घाई करू नकोस. 38 प्रकरणं आहेत, रोज एक पुरे. फुग्यांच्या बाह्यांचं प्रकरण आलं की थांब. ॲनसाठी झग्याचं कापड घ्यायला मॅथ्यू दुकानात जातो, समोर बाई विक्रेती बघून गांगरतो आणि ऐन डिसेंबरात बागेचं दाताळं नि 20 पौंड तांबडी साखर घेऊन परततो. लहानपणी तू यावर पोट धरून हसली असशील. आता वाचून काय वाटलं, ते कळव.

तुझा,
सर