अल्ताय तवन बोग्द: सीमेचा परवाना स्वतः वाचून घ्या

'८ जुलैपासून आईबाबांना घेऊन पश्चिम मंगोलिया. परवान्याचं एजंट बघेल, गाडी आणि तंबूचं सांगा,' हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. आम्हीही 'एजंट बघेल' म्हणूनच निघालो होतो.

विमान, व्हिसा, गरम कपडे हे तुम्ही केलंच असेल. अल्ताय तवन बोग्द राष्ट्रीय उद्यान चीन आणि रशियाच्या हद्दीला लागून आहे, त्यामुळे उद्यानाच्या तिकिटाशिवाय सीमेचा परवाना वेगळा लागतो. आमचा निघाला होता, पण त्यात त्सगान गोलचं खोरं तेवढं लिहिलेलं. खोतोन आणि खुर्गान तळ्यांचा उल्लेखच नव्हता. कागद मंगोलियन भाषेत. घडी घालून पासपोर्टात ठेवला, ड्रायव्हरलासुद्धा वाचायला दिला नाही. ही चूक सर्वस्वी आमची.

खोतोनच्या अलीकडे चौकीवर एका कोवळ्या जवानाने ओळींवरून बोट फिरवत तो दोनदा वाचला, मान हलवली आणि परत दिला. अराल तोल्गोईची कातळचित्रं तिथून पुढे होती. हजारो वर्षांपूर्वीची, २०११ साली जागतिक वारसा यादीत गेलेली. बाबा त्यांच्यासाठीच एवढ्या लांब आले होते. परतीच्या वाटेवर ते गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

उल्गीला, म्हणजे त्या प्रांताच्या मुख्य शहरात, पोचलो ११ जुलैला. नादाम या राष्ट्रीय उत्सवाची सुट्टी, परवान्याच्या कार्यालयाला कुलूप. उघडल्यावर उत्तर मिळालं, 'अर्ज जिथून केला तिथेच बदल होईल.' तिथे फोन केला तर, 'उल्गीतच होईल.' कुणी उद्धट बोललं नाही, पण कागद हातात घेऊन 'मी करतो' म्हणणारं एक माणूस भेटलं नाही. त्याची चीड अजून जात नाही. तुमच्या तारखाही नादामवरच येताहेत, म्हणून एवढं सांगतोय.

माझं स्पष्ट मत: जिथे जायचं ती प्रत्येक जागा अर्जात नावानिशी घाला आणि निघण्याआधी परवाना ड्रायव्हरकडून मोठ्याने वाचून घ्या. नियम बदलतात, माझा अनुभव एकाच फेरीचा आहे, तेव्हा ताजी चौकशी कराच.

गाडी रशियन फुर्गोन व्हॅनच घ्या. बिघडली तर वाटेत कुणीही दुरुस्त करतो. आईबाबांसाठी पाठीमागे उशा मात्र हव्यात. बर्फ वितळून नद्यांचं पाणी दुपारनंतर चढतं, म्हणून ओढे-नद्या सकाळीच ओलांडा. त्या भागातले पशुपालक बहुतेक कझाक आहेत. तंबूत शिरताना उंबऱ्यावर पाय देऊ नका, खारट दुधाचा चहा उजव्या हाताने घ्या. आई शाकाहारी असतील तर मेतकूट, पोहे, भाजणी भरपूर न्या, तिथे मांसाशिवाय फारसं काही मिळत नाही.

आणि परवान्याच्या चार-पाच झेरॉक्स. आमच्याकडून दोन चौक्यांवर एकेक प्रत ठेवून घेतली, आणि झेरॉक्सचं दुकान उल्गी सोडल्यावर दिसलं नाही.