भाचीला पत्र: दोन वाफ्यांपुरती बाग

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

ताईनं तुझा रिपोर्ट फोनवर वाचून दाखवला. हिमोग्लोबिन ९, वजन वाढलेलं, दिवसभर खुर्चीत बसून काम. आणि यावर तू शोधलेला उपाय म्हणजे देवपूरच्या घरामागच्या मोकळ्या जागेत सेंद्रिय भाजीपाला. उपाय मला पटला, तू पाठवलेली यादी पटली नाही. ब्रोकोली, झुकिनी, लाल कोबी! तुमच्या घरात झुकिनी खाणार कोण? यादी बाजूला ठेव आणि आठवडाभर स्वयंपाकघरात रोज काय चिरलं जातं तेवढंच लिहून काढ. मेथी, पालक, कोथिंबीर, मिरची, कांद्याची पात, वांगं, गिलकं (म्हणजे घोसाळं). बागेत एवढंच लावायचं. जे ताटात रोज येतं तेच लावलं तर तू रोज मागच्या दारी जाशील, आणि तब्येतीचा सगळा फायदा त्या रोजच्या जाण्यात आहे.

आधी गोळ्यांचं बोलतो, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. बाग लावली म्हणून डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन १२ च्या पुढे हवं, आणि ९ वरून तिथवर नुसत्या मेथीनं पोचता येत नाही. पालेभाजीतलं लोह शरीर मुळातच कमी उचलतं. त्यावर लिंबू पिळलं तर जास्त उचलतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. तुमच्याकडे पानावरून उठलं की चहाचं आधण चढतं. तो चहा तासभर तरी पुढे ढकल. गोळीसुद्धा चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नको.

गंमत अशी की आपल्या काळ्या जमिनीचंही दुखणं तुझ्यासारखंच. लोह तिच्यात भरपूर असतं, पण चुनखडीमुळे झाडाला मिळत नाही. माती तपासून घे. कागदावर सामू (म्हणजे पीएच) ८ च्या आसपास दिसला तर दचकू नको, खानदेशात ते नेहमीचं आहे. झाडावर ते असं दिसतं: शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. याच्या नेमकं उलटं भेंडीवर दिसतं. तिथे शिराच पिवळ्या होतात, पानावर पिवळी जाळी उठते. तो पांढऱ्या माशीनं आणलेला रोग, त्याला औषध नाही. झाड उपटून बाहेर टाकायचं. आणि खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी पडतंय. या तीन पिवळ्यांतला फरक कळला की दुकानदार तुला वाटेल ती बाटली विकू शकणार नाही. ‘सेंद्रिय’ असं छापलेल्या प्रत्येक बाटलीवर विश्वास ठेवायचा नसतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

चुनखडीवर घरच्या घरी करण्यासारखा उपाय म्हणजे कुजलेलं खत, भरपूर आणि दरवर्षी. कुजलेलं म्हणजे काय, तर हातात घेतल्यावर काळं, भुसभुशीत, शेणाचा वास अजिबात नाही. ओलं शेण आणून घातलंस तर मुळं खाणारी हुमणी अळी आणि वाळवी यांना आमंत्रण. घरच्या भाजीच्या देठा-सालींचा खड्डा आजच सुरू कर, त्यावर सुका पालापाचोळा टाकत जा. पण या हंगामाला खत विकतच आणावं लागेल.

वाफे दोनच कर. रुंदी चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून मधोमध हात पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. लांबी जागा असेल तशी. पावसाळा अजून आहे, म्हणून गादीवाफे कर, जमिनीपासून वीतभर उंच. काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं सडतात. खणायला घाई करू नको. वापसा आला का, म्हणजे माती खणण्याजोगी सुकली का, ते बघ. मूठभर मातीचा लाडू वळ आणि कमरेइतक्या उंचीवरून सोड. फुटून विखुरला तर कुदळ घे, तसाच चपटा बसला तर दोन दिवस थांब. ओल्यात खणलेल्या काळ्या मातीची ढेकळं होतात आणि मग ती हंगामभर फुटत नाहीत. कुंड्यांत मात्र नुसती काळी माती भरू नकोस, ती विटेसारखी आवळते. माती, खत आणि नारळाचा भुसा सारखे घे.

पोळा झाला की पेरणीला हात घाल. मेथी एकदम सगळी पेरायची नाही. मूठभर आज, मूठभर दहा दिवसांनी, अशी चालू ठेव. पंचवीस-तीस दिवसांत काढायला येते. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करून पेर. पालक बुडापासून उपटू नको, कापून घे, पुन्हा फुटतो. गिलक्याचा वेल कंपाउंडच्या भिंतीवर चढव. बियाणं घेताना गुलाबी रंग फासलेलं नको म्हणून सांग, तो रंग बुरशीनाशकाचा असतो. कोपऱ्यात शेवग्याची फांदी खोच आणि झाड उंच जाऊ देऊ नको; त्याचा कोवळा पाला वरणात घालता येतो.

वांग्याबद्दल मी जरा पक्षपाती आहे. आमच्या बामणोदच्या बाजूची भरिताची वांगी, फिकट हिरवी, पोटात बी थोडं; जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दारात दोन-चार झाडं असली की हिवाळ्यात कळण्याची भाकरी आणि भरीत यापुढे काही सुचत नाही. पण अळी येणार, हे धरूनच चाल. एखादा शेंडा भरदिवसा मान टाकून लोंबलेला दिसला की त्याच्या आत अळी आहे. छिद्राच्या खाली कापून साबणाच्या पाण्यात बुडव. हे काम रोज पाच मिनिटांचं. आठवडाभर विसरलीस तर ती फळांत शिरते. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, त्यांच्यासाठी निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजव, सकाळी गाळून ठेव, चिमूटभर साबण घाल आणि उन्हं उतरल्यावर फवार.

पाण्याची ओढ तुमच्या धुळ्यात मला माहीत आहे. तांदूळ-डाळ आणि भाजी धुतलेलं पाणी वाफ्याला घाल, साबणाचं नको. मातीवर भुईमुगाच्या शेंगांची टरफलं किंवा कडब्याची कुट्टी पसर, निम्मी तगमग तिथेच संपते. आणि अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बाग सुकली म्हणून रडू नको. चाळीसच्या वर पारा गेल्यावर इथे पालेभाजी जीव धरत नाही. वाफा खणून उन्हात तापू दे, शेतकरी उन्हाळी नांगरट करतो ती याचसाठी.

आता वजनाचं. खुरपं घेऊन उकिडवं बसणं, उठणं, बादली उचलणं यानं अंग मोकळं होतं, पण तेवढ्यावर भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणून पांझरेकाठचं चालणं चालू ठेव. तीच संघटना दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खा म्हणते, आणि त्यात बटाटा धरत नाही. शेवभाजीतली शेव तर कोणीच धरणार नाही! दोन वाफे घराची सगळी गरज भागवणार नाहीत, बाजार चालूच राहील. बादली उचलताना गुडघे वाकव, कंबर नको. दगडाखाली उघडा हात घालू नको, विंचू असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंस ते ताईला विचार.

वांग्याची रोपं आणि वाळवलेल्या निंबोळ्यांची पिशवी पुढच्या आठवड्यात धुळ्याला येणाऱ्या गाडीनं पाठवतो. रोपं पोचली की सावलीत ठेव, संध्याकाळी लाव, आणि झाडाझाडांत दोन फूट तरी अंतर सोड. दाटीनं लावशील, मला ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा