काकूचं काही दुखलं नाही, माझं मात्र सगळं

प्रश्न : माझं वय 37. डोंबिवलीत राहतो, नोकरी खुर्चीतली. रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो. गाव संगमेश्वर तालुक्यात. यंदा वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून चार दिवसांची रजा टाकून भाताच्या लावणीला गेलो. पहिला दिवस तरवा, म्हणजे भाताची रोपं, वाहण्यात आणि लावण्यात गेला. संध्याकाळी दमलो होतो, पण दुखत काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी अंग आंबलं. तिसऱ्या दिवशी मांड्या, कुल्ले, पाठ असं धरलं की पाटावरून उठवायला माणूस लागला. त्याच दुपारी मळ्याकडे उतरताना पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, गुडघे लटपटले आणि तरव्याच्या टोपलीसकट बसलो. चढताना मात्र ठीक होतं. काकू 63 वर्षांची, माझ्या दुप्पट लावते, तिला काही नाही. भाऊ म्हणतो, अ‍ॅसिड साठलंय. काकू म्हणते, उंडेल तेल चोळ. माझं कायमचं काही बिघडलं का? पुढच्या वर्षी काय करू?
– एक चाकरमानी

उत्तर : पाटाचा किस्सा वाचून हसले, माफ करा. हसू माझंच आलं. नवीनच दवाखाना थाटला होता, तेव्हा मैत्रिणींबरोबर रायगडावर गेले. वर रोपवेने गेलो आणि फुशारकी म्हणून पायऱ्या उतरून आलो. चढण नाहीच, नुसती उतरण. दोन दिवसांनी एका आजींना व्यायाम दाखवायला स्टुलावर टेकले, ती उठले टेबल धरून. आजी म्हणाल्या, "बायो, आता तूच झोप हितं."

सगळी मेख त्या उतरणीत आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडत तुम्हाला वर उचलतो. उतरताना तोच स्नायू अंगाचा भार पेलत पेलत लांबत जातो. विहिरीतली भरलेली कळशी परत खाली सोडून बघा. दोर मुठीतून सरकू द्यावा लागतो आणि तळव्याला चटका बसतो तो तेव्हाच. असं काम करताना स्नायूचे धागे कमी कामाला लागतात, म्हणून एकेका धाग्यावर ताण जास्त येतो आणि आतले सूक्ष्म कप्पे जागोजागी ओढले जाऊन विस्कटतात. तुम्ही तर पाखाडी उतरलात टोपली घेऊन. त्यात लावणी म्हणजे कमरेत वाकायचं आणि मागे मागे सरकायचं. पाठ आणि मांडीची मागची बाजू दिवसभर ताणलेलीच. डोंबिवलीतल्या सपाट रस्त्यावरच्या पाच किलोमीटरांचा इथे काही उपयोग नाही.

भावाला सांगा, अ‍ॅसिडचा यात हात नाही. 'अंग आंबलं' हा आपला शब्दच असा की काहीतरी आंबट साठलं असणार असं वाटतं. पण लॅक्टिक अ‍ॅसिड काम थांबल्यावर साधारण तासाभरात उतरतं, आणि तुमचं दुखणं सुरू झालं दुसऱ्या दिवशी. 1983 साली अमेरिकेत हे तपासून पाहिलं गेलं. ट्रेडमिलवर 45 मिनिटं सपाट पळताना रक्तातलं हे आम्ल वाढलं, पण नंतर अंग दुखलं नाही. उतारावर पळताना आम्ल वाढलं नाही, आणि नंतर अंग दुखलं ते मात्र त्यानेच. दुखणं उशिरा येतं, कारण विस्कटलेल्या जागी सूज येऊन दुरुस्ती सुरू व्हायला आणि त्या भागातल्या नसा हळव्या व्हायला वेळ लागतो. बहुधा 12 ते 24 तासांनी ठणका लागतो, 24 ते 72 तासांत तो जोरावर असतो आणि आठवडाभरात जातो. कायमचं काही बिघडलेलं नाही.

मला काळजी वाटली ती पाखाडीची. दुखणं उशिरा येतं. ताकद मात्र पहिल्याच दिवशी, काम संपतासंपताच कमी झालेली असते, आणि कधीकधी दुखणं थांबल्यावरही ती पुरती परत आलेली नसते. शिवाय अशा स्नायूंना आपला पाय नेमका कुठे आहे, किती जोर लावलाय, याचा अंदाज चुकतो. पावसात शेवाळलेला जांभा, डोक्यावर टोपली आणि अंदाज चुकणारे पाय! नुसते बसलात हे नशीब. त्या दोन-तीन दिवसांत ओझं दुसऱ्याने उतरवावं.

काकूंचं तेल लावा. हलक्या हाताने चोळल्याने ठणका थोडा कमी होतो, ताकद काही त्याने लवकर येत नाही. गरम पाण्याची आंघोळ करा, घरात हिंडतंफिरतं राहा. ताणाचे व्यायाम केल्याने यात फारसा फरक पडत नाही, आणि हे मी व्यायाम शिकवण्यावर पोट असूनही सांगते. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, चिखलाच्या दिवसांत तर नाहीच. पोटऱ्या भयंकर दुखतायत, ताप आहे, डोळे लाल झालेत, असं असेल तर ते लावणीचं अंगदुखणं नव्हे. लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि शेतात उतरला होता हे त्यांना आपणहून सांगा. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तरीही थांबू नका.

आता काकू. एकदा असा मार बसला की तेच काम पुन्हा करताना स्नायू बराच कमी दुखावतो. हे संरक्षण काही आठवडे तर टिकतंच. दंडाच्या स्नायूंवरच्या प्रयोगात ते सहा महिन्यांपर्यंतही दिसलं, पण वर्षभरात विरलं. काकू रोज तीच पाखाडी चढउतार करतात आणि बहुधा महिनाभर कुणाच्या ना कुणाच्या मळ्यात वाकलेल्या असतात. तुमची लावणी बारा महिन्यांनी एकदा येते, म्हणजे दर वर्षी पाटी कोरी.

त्यामुळे पुढच्या वर्षी जूनपासूनच सुरुवात करा. तुमच्या इमारतीत लिफ्ट असेल तर लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या. लोक उलटं करतात, तुम्ही सुलट करा. आठवड्यातून दोनदा, आधी तीन मजले, मग हळूहळू वाढवत. हातात पिशवी घेऊन, गुडघे किंचित वाकवून, कमरेतून सावकाश खाली वाका आणि वर या. पहिल्या दिवशी दहाच वेळा. थोडं दुखेल, दुखू दे. आणि गावी गेलात की पहिल्या दिवशी जेवणापर्यंतच लावा, काकू काहीही म्हणोत.

गणपतीला जाखडी नाचणार असाल, तर मांड्यांना पाखाडीची थोडी आठवण राहिलेली असेल. तरी पहिल्या रात्री दोन गाणी झाली की बसा आणि झांजा वाजवा.