नावापुढे डॉक्टर लागेल का?

नीटचा निकाल लागला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे मुलांच्या आणि पालकांच्या दोन लाटा येतात. पहिली निकालाच्या आठवड्यातली, रडवेली. दुसरी सीईटी सेलच्या फेऱ्या सुरू झाल्यावरची, आणि ती जास्त गोंधळलेली असते. मोबाईलवर यादीचा स्क्रीनशॉट आणि ठरलेला प्रश्न: "मॅडम, एमबीबीएस तर लांबच, बीएएमएसही हुकतंय. बीएएसएलपी लागतंय. हे नक्की काय असतं? घ्यावं, का अजून एकदा रिपीट करावं?" (बीएएसएलपी म्हणजे ऐकण्या-बोलण्यातल्या अडचणींची तपासणी आणि उपचार शिकवणारी पदवी.) उठता उठता, चप्पल पायात सरकवताना आई नाहीतर बाबा खरा प्रश्न विचारतात, "नावापुढे डॉक्टर लागेल का हो?"

नाही लागणार. पुढे पीएचडी केली तर लागेल, ती वेगळी गोष्ट. हे मी आता पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकते. पण एवढ्यावर भागत नाही, हे मला रेवामुळे कळलं. (नाव बदललंय, तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत. लिहायची परवानगी तिनेच दिली.)

रेवा प्रवेशाच्या वेळी आली नव्हती. आली ती दुसऱ्या वर्षात, दिवाळीच्या सुट्टीत. वडिलांचं तालुक्याला खतं-बियाण्यांचं दुकान. दोनदा नीट दिलेली, चुलतभाऊ एमबीबीएसला. तिसऱ्यांदा घरी बसवायला नको म्हणून बीएएसएलपी घेतलं आणि भावकीत सांगितलं, "पोरगी मेडिकलला आहे." कोणी खोदून विचारलं की आई विषय बदलायची. तक्रार काय, तर अभ्यासात लक्ष नाही आणि क्लिनिकमध्ये आवाज फुटत नाही. वाचा-श्रवण क्लिनिकमध्ये हिचाच आवाज फुटत नाही, याचं तिलाही हसू आलं, पण ते तेवढंच.

"कोर्स आवडत नाही का?"

"तसं नाही. पण मी डॉक्टरच व्हायला हवं होतं."

"आणि नाही झालीस तर?"

"मग काहीच झाले नाही ना."

दुसऱ्या भेटीत मी एक चूक केली. घरी बसून सगळी माहिती काढली आणि तिच्यावर ओतली. चार वर्षांचा कोर्स, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. पुढे एमएस्सीला ऑडिओलॉजी म्हणजे ऐकण्याचं आणि स्पीच म्हणजे बोलण्याचं अशा वाटा वेगळ्या होतात. म्हैसूरची वाचा-श्रवण संस्था १९६५ पासूनची, वांद्र्याची अली यावर जंग १९८३ पासूनची. ती नम्रपणे ऐकत होती आणि अधूनमधून घड्याळाकडे बघत होती. हे सगळं तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. माहितीअभावी अडलेलं माणूस आणि माहिती असूनही अडलेलं माणूस यांत फरक असतो. इतकी वर्षं काम करून मी तो त्या दिवशी विसरले.

चौथ्या का पाचव्या भेटीत तिने सहज एका मुलाचा विषय काढला. साडेपाच वर्षांचा, ऐकू व्यवस्थित येतं, पण ‘क’ म्हणता येत नाही. काकाला ताता, कावळ्याला तावळा. शाळेत पोरं चिडवायची म्हणून बोलणंच कमी केलेलं. "जीभ जड आहे" म्हणून कोणीतरी ती सैल करून घ्यायला सांगितलं होतं, म्हणजे छोटी शस्त्रक्रिया. रेवाच्या सुपरवायझर मॅडमनी ती थांबवली.

"मग तू काय केलंस?"

"त म्हणताना जिभेचं टोक दातांमागे लागतं. क म्हणताना टोक खालीच राहतं, मागचा भाग उठतो. याचं टोकच आधी पळायचं." तिने टेबलावरचा चहाचा चमचा उचलला. "मग टंग डिप्रेसरने, म्हणजे जीभ दाबायच्या पट्टीने, टोक हलकेच दाबून धरायचं आणि म्हणायला लावायचं. पुढची वाट बंद झाली की जीभ मागची शोधते. आधी ओकारीसारखा आवाज आला. मग गुळण्यांचा खेळ केला. नवव्या सेशनला ‘अक्’ निघालं. नुसतं अक्. मग आक्का. त्याला आक्का आहे, मोठी बहीण, ती दाराबाहेर बसलेली. ती आत धावत आली."

हे सांगताना तिचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू गेला असेल.

"तो अक् म्हणाला तेव्हा तुझ्या डोक्यात ‘डॉक्टर नाही झाले’ हे होतं?"

तिने विचार केला. "नाही. तेव्हा फक्त त्याची जीभ होती."

मी तिला कागद दिला. जे वाक्य रात्री झोपू देत नाही ते जसंच्या तसं लिही म्हटलं. तिने लिहिलं: मी डॉक्टरच व्हायला हवं होतं. घरच्यांना तेच हवं होतं. आता माझं काहीच होणार नाही.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर काम करणारे आम्ही लोक अशा ‘च’च्या मागावरच असतो. माणसाला इच्छा असते, ती पुरी झाली नाही की वाईट वाटतं, आणि ते वाटायलाच हवं. पण इच्छेला ‘च’ चिकटला की तिचा हट्ट होतो, आणि हट्ट मोडला की माणूस स्वतःलाच नापास करतं. म्हणून मी म्हटलं, यातल्या प्रत्येक ‘च’वर खूण कर.

तिने गोल केले नाहीत. प्रत्येक ‘च’खाली एक एक टिंब दिलं, नुक्त्यासारखं. मी बघत राहिले.

"मॅडम, हे तिन्ही चमच्यातले च आहेत. चहातला एकही नाही."

मला आधी कळेना. मग तिने म्हणून दाखवलं. चहातला च टाळूकडचा, चमच्यातला दातांकडचा. आणि मराठी माणूस जोर द्यायला जो ‘च’ लावतो, तो दातांकडचा. मीच, तूच, डॉक्टरच. पहिल्या वर्षाला हे उच्चारशास्त्रात शिकवतात म्हणाली. आयुष्यभर मी लोकांचे ‘च’ मोजत आले आणि तो जिभेच्या कुठल्या भागातून निघतो हे मला ठाऊक नव्हतं!

"आता ते तीन खोडून वाच."

"मी डॉक्टर व्हायला हवं होतं. घरच्यांना ते हवं होतं. आता माझं काही होणार नाही." ती थांबली. "पहिली दोन चालतील. वाईट वाटतं, पण खरी आहेत. तिसरं च काढूनसुद्धा खोटं आहे."

"कशावरून?"

"होतंय ना काहीतरी. आक्का आत आली."

तिसरं वाक्य तिने स्वतः खोडलं. मी सुचवलं नव्हतं, हे मुद्दाम नोंदवते. ‘च’ शोधायला मी शेकडो लोकांना शिकवलंय, पण त्याखाली टिंब देणारी ही पहिलीच. ते टिंब आता मी इतरांनाही द्यायला लावते.

वडिलांना नंतर एकदाच बोलावलं. त्यांची शंका व्यवहारी होती, "शेवटी कानाची मशीनं विकायलाच बसवणार ना?" त्यांना जे सांगितलं तेच स्क्रीनशॉट घेऊन येणाऱ्या सगळ्यांना सांगते. तशा नोकऱ्या आहेत, त्यांत महिन्याचं टार्गेटही असतं, आणि सुरुवातीचा पगार ऐकून खतवाल्या माणसाला हसू येईल. पण त्याच पदवीवर नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या कानांची तपासणी होते. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, बसवलेल्या मुलाला ऐकायला आणि बोलायला शिकवलं जातं. अर्धांगवायूनंतर वाचा गेलेल्या किंवा घोट ठसकणाऱ्या पेशंटवरही काम होतं. परदेशात जायचं तर नुसत्या बॅचलरवर विसंबू नका. अमेरिकेत स्पीचला मास्टर्स लागतं, ऑडिओलॉजीला त्याहून पुढची पदवी.

कॉलेज घेण्याआधी एक गोष्ट बघाच: भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, त्या कोर्सला त्या वर्षी मान्यता आहे का. १९९२च्या कायद्याप्रमाणे नोंदणी क्रमांकाशिवाय हे काम करता येत नाही. इमारत नंतर बघा, ओपीडीत पेशंट किती येतात ते आधी बघा. या कोर्सचा निम्मा अभ्यास पेशंटसमोर होतो. आणि ज्या मुलाला एकच शब्द पन्नास वेळा ऐकायचा कंटाळा येतो, त्याला मी स्पष्ट सांगते, नको घेऊस. नुसतं "रिपीट नको" म्हणून तर अजिबात नको. रेवाने तसंच घेतलं होतं हे खरं, पण तिचं निभावलं म्हणून सगळ्यांचं निभावेल असं मी म्हणणार नाही.

वडील ऐकून घेत होते. जाताना त्यांनी विचारलं, "त्या पोराचं काय झालं, ताता म्हणणाऱ्या?" मला माहीत नव्हतं. "पोरीला विचारा," म्हटलं. बहुधा तिच्या कॉलेजबद्दल त्यांनी तिला विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

रेवा आता इंटर्नशिपला आहे. मागच्या महिन्यात भेटायला आली, पेढे घेऊन. बोलता बोलता मध्येच थांबली. "मॅडम, तुम्ही नेहमी डावा कान पुढे करून ऐकता. आणि मी मान खाली घातली की ‘काय म्हणालीस?’ विचारता. आधीपासून बघतेय मी."

तिच्या रुग्णालयात गेले. बंद खोली, कानांवर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ काही येतच नव्हतं, म्हणून मी खुशीत बसले होते. बाहेर आल्यावर तिने कागद समोर धरला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. कागदाच्या डाव्या बाजूला, म्हणजे जाड आवाजांना, सगळं ठीक होतं, मग चार हजार हर्ट्झनंतर, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांना, दोन्ही रेघा घसरगुंडीसारख्या खाली, लाल जरा जास्तच.

"वयाप्रमाणे आहे," ती म्हणाली, अगदी क्लिनिकच्या आवाजात. "बोलणं ऐकू येतं, पण बारीक आवाज निसटतात. स, श." मग तिला हसू आवरेना. "आणि मॅडम, दातांकडचा च."